तांबडं काळं, निळं पांढरं

गुलबर्ग्याच्या स्टेशनात तुम्ही उतरता. साल १८८८ धरा, एखादं वर्ष इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. शिमगा होऊन गेलाय, सकाळीच झळा सुरू झाल्यात. मुंबईहून सोलापूरवरून येणारा हा लोहमार्ग १८७१ साली रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गाला मिळाला, त्यामुळे गुलबर्ग्याला आगगाडीची नवलाई उरलेली नाही. मार्ग गोऱ्या कंपनीचा आणि मुलूख निजामाचा. सहावा निजाम मीर महबूब अली खान जेमतेम विशीत आहे.

तुम्ही इथे पाहुणे नाही. एका छायाचित्रकाराच्या ताफ्यातले हरकाम्या आहात. अंगावर जाडाभरडा सदरा, हातात पेटी. पेटीत काचा आहेत, एकावर एक रचलेल्या, मधे कागद घालून. एकेक काच बारा इंच लांब, दहा इंच रुंद. एक फुटली तर ओरडा नुसता ताफ्याच्या प्रमुखाचा खावा लागेल असं नाही, कारण काच विलायतेहून आलेली असते आणि तिचा हिशेब सिकंदराबादेत द्यायचा असतो. पेट्यांवर नाव रंगवलंय ते एकाचंच: लाला दीनदयाळ.

पण ताफ्याचे प्रमुख लाला नाहीत. त्यांच्या दुकानातले एक वयस्क कारागीर आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, तुम्हीही म्हणा. या काळात छायाचित्रावरचं नाव दुकानाचं असतं. शिवलेल्या अंगरख्यावर जसं शिंप्याच्या पोराचं नाव नसतं, तसंच इथेही काच कोणी उघडली याची नोंद कोणी ठेवत नाही. नजर मात्र लालांची आहे. कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं, हे उस्ताद त्यांच्याकडून शिकले आहेत आणि तुम्ही आता उस्तादांकडून शिकणार आहात.

पहिलं काम किल्ल्यातल्या जामा मशिदीचं. ती १३६७ची, कझवीनच्या रफी नावाच्या माणसानं उभारलेली. बाकी ठिकाणी मशिदीला उघडा चौक असतो. इथे तो नाहीच, सगळं छताखाली. आत शिरलात की बुटक्या, रुंद कमानींच्या रांगा दूरवर जातात आणि उजेड फक्त कडेनं शिरतो. डोळ्यांना ते गार वाटतं. कॅमेऱ्याला ते संकट.

उस्ताद तिकाटणं रोवतात, काळ्या कापडाखाली डोकं घालतात, मग तुम्हाला बोलावतात. तुम्ही आत डोकावता. घासलेल्या काचेवर मशीद उलटी लटकते आहे, फरशी वर, छत खाली. पहिल्यांदा गरगरतं. उस्ताद म्हणतात, उलटं आहे तेच बरं. सुलट दिसलं की माणूस मशीद बघतो, उलटं दिसलं की रेघा बघतो. मग ते लेन्समध्ये बारीक भोकाची पितळी चकती सरकवतात. भोक बारीक केलं की जवळचा खांब आणि लांबची कमान दोन्ही रेखीव येतात, पण उजेड थेंबाथेंबानं शिरतो, म्हणून वेळ वाढवावा लागतो. लेन्सवरची टोपी काढली. उस्ताद ओठ न हलवता मोजतायत.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक झाडूवाला निघाला. तुम्ही ओरडायला तोंड उघडता, उस्ताद हातानंच गप्प करतात. तो माणूस आपल्या नादात झाडत झाडत पलीकडच्या टोकाला जातो आणि निघून जातो. टोपी परत बसते. "चालत राहिला म्हणून वाचलो," उस्ताद सांगतात. "मधेच थांबून बघत बसला असता तर काचेवर भुतासारखा आला असता." चालणारा माणूस या काचेवर उमटतच नाही. उमटतो तो सांगितल्याबरोबर स्तब्ध उभा राहणारा. जुन्या छायाचित्रांतली गावं इतकी ओस का दिसतात, याचं हे साधं कारण आहे. गावं ओस नव्हती. ती कामात होती.

बीदरला रेल्वे नाही. ती यायला विसावं शतक उजाडावं लागेल. तेव्हा बैलगाडी, वाट हुमनाबादेची. गाडीवान भालकीकडचा, मराठी बोलणारा. कन्नड, तेलुगू आणि दखनी तो तोंडातल्या पानासारख्या इकडून तिकडे फिरवतो.

"काय भरलाव ह्या पेट्यांत? दारूगोळा हाय का?"

"काच आहे."

"काच?" तो मागे वळून बघतो. "मग सावकाश हाकतो बगा. बैलास्नी काच कळत न्हाई."

कमलापूर मागे पडतं. हुमनाबादेजवळ माणिकनगर लागतं तेव्हा गाडीवान उतरून चपला काढतो, समाधीच्या दिशेनं हात जोडतो. माणिकप्रभूंना समाधी घेऊन अजून पाव शतकही झालेलं नाही, १८६५ची गोष्ट, त्यांना पाहिलेली माणसं या वाटेवर चालताबोलता भेटतात. हळूहळू काळी माती संपते आणि रस्त्याच्या कडा तांबड्या होत जातात. जांभा दगड सुरू झाला, म्हणजे बीदरचं पठार आलं. चाकांना, बैलांच्या खुरांना, तुमच्या सदऱ्याला, सगळ्याला तो रंग चढतो. हा तांबडा रंग ध्यानात ठेवा, उद्या तो तुम्हाला फसवणार आहे.

बीदर गाव दिसायच्या आधी त्याच्या कडेचे घुमट दिसतात. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहानं गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली, त्याला तुमच्या हिशेबानं साडेचारशे वर्षं झाली. पुढे बरीदशाही आली, मग आदिलशाही, मग औरंगजेब, मग आसफजाही. प्रत्येकानं काही बांधलं, काही ढासळू दिलं. तुमच्या आधी, १८७५-७६च्या हंगामात, जेम्स बर्जेस हा पुरातत्त्ववाला इथल्या अवशेषांची मोजमापं घेऊन गेला आणि १८७८ साली बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुराणवस्तूंवर त्याचा अहवाल छापून निघाला. मोजमाप होऊन गेलेलं आहे. मग तुम्ही कशाला आलात?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी महमूद गावानच्या मदरशासमोर मिळतं.

इराणातून व्यापारी म्हणून आलेला, बहामनींचा वजीर झालेला हा माणूस. मदरसा त्यानं १४७२ साली बांधला. नऊ वर्षांनी, १४८१ साली, खोट्या पत्रावर भरवसा ठेवून त्याच्याच सुलतानानं त्याला मारलं. इमारतीचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून उस्तादांना सकाळ हवी. दर्शनी भागाच्या दोन्ही टोकांना एकेक मिनार होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या अमलात, एका स्फोटात दक्षिणेकडचा मिनार आणि अर्धा दर्शनी भाग उडाला. उत्तरेचा मिनार उभा आहे, १३१ फूट, अंगावर नागमोडी पट्ट्यांत निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरशा. जिथे फरशा गळाल्या तिथे खालचा ओबडधोबड दगड दिसतो.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? मान वर करून, हातातलं यंत्र तिरकं धरून मिनार कसाबसा चौकटीत कोंबला असता. आणि तो मागे कलंडलेला आला असता. उस्ताद कॅमेरा कधीच तिरका धरत नाहीत. समोरच्या घराच्या माळवदावर चढायची परवानगी ते तालुकदाराच्या चिठ्ठीनं काढतात, घरातल्या बायकांना आडोशाला जायला पुरेसा वेळ देतात, मग तिकाटणं वर चढतं. कॅमेऱ्याची पाठ ओळंब्यासारखी सरळ. लेन्स बसवलेली पुढची पाटी तेवढी वर सरकवायची, की मिनाराचा शेंडा आत येतो आणि भिंती सरळच राहतात. इमारत ज्या ताठपणानं बांधली त्याच ताठपणानं ती काचेवर उतरायला हवी, हा लालांच्या दुकानातला पहिला नियम. तो लिहिलेला कुठेच नाही, चित्रांतून वाचायचा.

दुसरा नियम माणसाचा. उस्ताद चौकीदाराला मिनाराच्या बुंध्याशी उभं करतात. "भिंतीकडे बघ, इकडे नको." का? तो कॅमेऱ्याकडे बघेल तर चित्र त्याचं होईल, भिंतीकडे बघेल तर मिनाराचं राहील. त्याची उंची साडेपाच फूट धरा, अशी किती माणसं एकावर एक उभी केली की शेंडा येतो ते बघा, आणि मिनार मोजून झाला. चौकीदार म्हणजे पट्टी. त्या पट्टीला नाव असतं, पोरंबाळं असतात, हे काचेला कळायचं कारण नाही.

मग वाट बघणं. सूर्य थेट समोर असला की भिंत सपाट दिसते, म्हणून तो जरा कडेला सरकून कोनाड्यांत सावली भरेपर्यंत थांबायचं. माळवदावर बसून तुम्हाला कंटाळा येतो. उस्तादांना येत नाही. त्यांच्या कामाचा बहुतेक भाग हाच आहे, टोपी काढून घालायला कितीसा वेळ लागतो!

रात्री, हवा निवल्यावर, काच धुवायची. दिवसा हात लावायची सोय नाही, उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात काचेवरचा जिलेटिनचा थर सुटून सुरकुततो. तरी हे सुखाचे दिवस आहेत, उस्ताद म्हणतात. लालांनी सुरुवात केली तेव्हा काच ओलीच वापरावी लागे. जागेवर तंबू ठोकायचा, अंधारात काचेवर कोलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि सुकायच्या आत धुवायची. दख्खनच्या उन्हात ती केवढा वेळ देणार? आता कोरड्या काचा तयार मिळतात, पेटीत भरून रानोमाळ हिंडता येतं. बीदरसारख्या आडवाटेच्या गावी दुकानाची माणसं पाठवणं परवडतं ते त्यामुळे.

लाल कंदिलाच्या उजेडात काचेवर मदरसा उगवतो. उलट रंगांचा: आभाळ काळंकुट्ट, सावल्या पारदर्शक. हे तुम्ही समजून घेतलेलं आहे, कागदावर छापलं की उलटं सुलट होईल. पण तसा कागद निघतो तेव्हा तुम्ही चक्रावता. आभाळ कोरं पांढरं. सकाळी ढग होते, ते कुठे गेले? जांभ्याची तांबडी भिंत जवळजवळ काळी. आणि ज्या निळ्या फरशांकडे बघत तुम्ही तासभर बसलात, त्या फिकट, पांढऱ्यालगतच्या. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची जी ओळ गावान-काळच्या कारागिरांनी बसवली, तिचं अक्षर आणि पार्श्वभूमी एकमेकांत विरघळायला आलीत.

काच चुकलेली नाही. या काळच्या साध्या काचेला फक्त निळा-जांभळा उजेड दिसतो. तांबडा तिला अंधारच. म्हणून तर तुम्ही तांबड्या कंदिलात ती उघडी धरू शकता. निळ्याला ती पांढरं समजते, म्हणून आभाळ आणि फरशा सारख्याच उजळतात. विचार करा, जगात रंगाच्या बाबतीत या काचेला सर्वांत प्रतिकूल गाव शोधायचं तर बीदरच सापडेल: भुई तांबडी, दिमाख निळा. लालांच्या माणसांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ते रंगावर विसंबत नाहीत. कमानीची कड, कोनाड्याची खोली, ढासळलेल्या भागाची दातेरी रेघ, जे छायेनं सांगता येतं तेवढंच सांगायचं. हातात जे नाही त्यासाठी रडत न बसता जे आहे ते इतकं नेमकं करायचं की नसलेलं जाणवू नये. मला विचाराल तर दीनदयाळ यांची कला इथे आहे, राजेरजवाड्यांच्या मखमली पोशाखात नाही.

बीदरच्या गल्लीत याच खेळाचा दुसरा डाव चालू असतो. उस्ताद तुम्हाला बिदरीच्या कारखान्यात नेतात. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली सुरई, तिच्यावर छिन्नीनं कोरलेली वेल, खोबणीत ठोकून बसवलेली चांदीची तार. अजून सगळं करडं, नक्षी नीट दिसतही नाही. मग किल्ल्याच्या जुन्या भिंतींखालची माती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात आणि भांडं त्यात घालतात. जस्त काळंभोर होतं, चांदीला धक्का लागत नाही, एका क्षणात वेल उजळून वर येते. उस्ताद बराच वेळ बघत राहतात. त्यांच्या काचेवरही चांदीच असते, पण ती उलट वागते. उजेड लागला की तीच काळी पडते. कारागीर विचारतो, तुमची चांदी किती वर्षं टिकते? उस्ताद उत्तर देत नाहीत. अंड्याच्या पांढऱ्यानं घोटलेला कागद पिवळा पडतो हे त्यांना माहीत आहे.

इथून चौदा वर्षं मागे चला. इंदूर, १८७४. होळकरांचं राज्य, दुसरे तुकोजीराव गादीवर, दरबारात मराठी. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत एक तिशीचा माणूस टेबलाशी वाकलेला आहे: दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा, घराणं जैन जवाहिऱ्यांचं. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकला, १८६६पासून इथे नोकरीला: अंदाजपत्रकं करणारा आणि नकाशे काढणारा प्रमुख. त्याच्या खांद्यावरून बघा. कागदावर एका इमारतीचं दर्शनी चित्र आहे, शाईच्या सरळ रेघा, बाजूला मापं, कडेला दगड-चुन्याचा खर्च. या माणसानं आठ वर्षं भिंतींकडे पैशाच्या आणि फुटांच्या हिशेबानं पाहिलंय. माळवदावर चढणं, ओळंबा, पट्टी होऊन उभा असलेला चौकीदार, सगळं या टेबलावरून आलेलं आहे.

या वर्षी तो कॅमेरा हातात घेतो. तुकोजीराव पाठीशी असतात, मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली ओळखी करून देतात. व्हाइसरॉयच्या भेटीची, मग १८७५-७६च्या दौऱ्यातल्या इंग्लंडच्या युवराजाची चित्रं तो घेतो. १८८२च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंड पालथा घालतो. त्यातूनच १८८६ साली मध्य हिंदुस्थानातल्या वास्तूंचं मोठं पुस्तक निघतं. रजा काढून काढून केलेला उद्योग शेवटी नोकरीला गिळतो, तो निवृत्ती घेतो आणि हैदराबादेकडे वळतो. एका सरकारी ड्राफ्ट्समननं पेन्शन घेऊन छंदाचा धंदा केला, एवढीच ही कथा. आपल्याकडच्या किती घरांत असं कोणी हयातीत करू दिलं असतं, ते ज्याचं त्यानं पाहावं.

परत बीदर. एक काम उरलंय, अष्टूरचं.

गावाबाहेर बहामनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. हुमायूनची कबर वीज पडून अर्धी ढासळली. घुमट कलिंगड कापावं तसा उघडा आहे, आतली जाडी, कमानीची बैठक सगळं दिसतं. ड्राफ्ट्समन ज्यासाठी दिवसचे दिवस कागद घासतो तो उभा छेद आभाळानं इथे फुकट काढून ठेवलाय. उस्ताद तिथे दोन काचा खर्चतात. शेजारी अहमदशहा वलीची कबर. आत भिंतीभर, घुमटभर सोनं, शेंदरी, निळं, अक्षरांच्या पट्ट्या. उस्ताद आत जातात, आरशानं ऊन आत फेकून बघतात आणि बाहेर येतात. जमणार नाही. काच तांबड्या-सोनेरीचा चिखल करील. या भिंती रंगात कागदावर यायला हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यावे लागतील, बीदरवरचा त्यांचा ग्रंथ १९४७चा.

आणि बाहेर जत्रा आहे. होळीनंतर ठरल्या दिवशी इथे उरूस भरतो, त्याचा मान माडियाळच्या जंगमाचा. गुलबर्ग्याच्या बाजूनं आपल्या माणसांसह तो चालत येतो, शंख फुंकतो, सुलतानाच्या कबरीवर फुलं वाहतो. मुसलमानांना इथे वली दिसतो, लिंगायतांना अल्लमप्रभू. धूळ उडतेय, बायका मुलांना कडेवर घेऊन रेटा देतायत, तुमचा गाडीवान त्यात कुठेतरी दिसेनासा झालाय. तुम्ही उस्तादांकडे बघता: हे घ्या ना! ते हसतात. "यांना 'हलू नका' कोण सांगणार?" शिवाय ऑर्डरीत जत्रा नाही. सरकारला हव्यात इमारती. निजामाच्या मुलुखातल्या प्रेक्षणीय स्थळांचे आल्बम बनणार आहेत, त्यात बीदर, गुलबर्गा, वेरूळ, दौलताबाद. पेटी बंद होते.

इथे तुमचा आणि माझा त्या दुकानाशी वाद सुरू होऊ शकतो. हुकमानं काढलेल्या चित्राला कला कशी म्हणायची? आज कलावंत छायाचित्रकार म्हटलं की आपल्याला स्वतःसाठी काढणारा, गिऱ्हाइकाला झिडकारणारा कोणी आठवतो. सिकंदराबादच्या स्टुडिओत जाऊन बघा. अंगणात लाकडी चौकटींत काचेखाली कागद ठेवून उन्हात छापणं चाललंय, ओळीनं. आत कापणारे, चिकटवणारे, रंग भरणारे. पुढे १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ निघेल, चालवायला मिसेस केनी-लेव्हिक ही इंग्रज बाई, म्हणजे पडद्यातल्या बेगमांना परपुरुषासमोर बसावं लागू नये. १८९४ साली निजाम 'मुसव्विर जंग' असा किताब देईल. १८९६ साली मुंबईत शाखा निघेल. आयुष्याच्या शेवटाकडे लाला आपल्या छायाचित्रणाच्या कारकिर्दीची छोटीशी हकीकत लिहितील, तिच्यात आश्रयदाते आहेत, दौरे आहेत, नेमणुका आहेत. सौंदर्याविषयीची प्रवचनं शोधाल तर हात रिकामे राहतील. जवाहिऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला काम आणि कला यांत भिंत दिसतच नसावी. दागिना मागणीवरूनच घडतो, म्हणून तो कमी सुंदर होत नाही.

हे मला पटतं, एका ठिकाणापर्यंत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत हेच दुकान निजामाच्या राज्यातल्या लोकोपयोगी कामांची आणि दुष्काळातल्या मदतीची चित्रं घेतं. तिथेही तोच सरळ ओळंबा, तीच शिस्तीची चौकट. मिनारासमोर पट्टी होऊन उभा राहणारा माणूस एकवेळ चालतो. भुकेलेल्या माणसांची मांडणी जेव्हा सरकारच्या औदार्याचं माप म्हणून होते, तेव्हा तीच नजर अंगावर येते. काच तांबड्याला आंधळी होती, तो तिचा धर्म. ऑर्डर कशाला आंधळी होती, ते तिचं रसायन ठाऊक असूनही विसरायचं कसं? लालांना दोष देत मी हे म्हणत नाही. पण त्यांच्या चित्रांवर नुसतं वाहवा करून पुढे जाणाऱ्यांत मला उभं राहायचं नाही.

१९०४ साली मुलगा धरमचंद गेला, १९०५च्या जुलैत लाला स्वतः. दुकान आक्रसत गेलं. सगळ्या काचा मात्र मोडल्या नाहीत: १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घराण्याकडून २,८५७ काचा घेतल्या. २००६ साली टपाल खात्यानं तिकीट काढलं. निजामाच्या मुलुखाचा १८९२चा आल्बम लॉर्ड कर्झनच्या संग्रहातून लंडनला पोहोचला, ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि बीदरच्या पोराला आपल्या गावचा मदरसा आजोबांच्या आजोबांनी पाहिला तसा बघायचा तर तो फोनवर त्या आल्बमपर्यंत जातो.

तिथे तुम्हीही जा. आता फोनमध्ये जुन्या चित्रांना रंग भरून देणारी सोय असते. मदरशाचं चित्र तिच्यात घातलं तर यंत्र क्षणात काम करून देईल: काळपट भिंतीला करडा-तपकिरी, फरशांच्या फिकट पट्ट्याला हस्तिदंती, कोऱ्या आभाळाला छान निळा. सगळं पटण्यासारखं. फक्त निळा चुकीच्या जागी गेला. अक्षरांच्या त्या पुसट ओळीवर बोट ठेवा आणि शेजारी बसलेल्याला सांगा, हे पांढरं नाही. कशावरून, असं तो विचारील. मग त्याला लाल कंदील, जांभ्याची धूळ आणि माळवदावरची सकाळ, सगळंच सांगावं लागेल, आणि चौकीदाराला भिंतीकडे का बघायला लावलं होतं तेही.